हिरवी पट्टी आणि न धावलेल्या चाचण्या: जेयूनिटच्या आवृत्त्यांचा इतिहास

जावामध्ये चाचणी लिहायला शिकणाऱ्या विद्यार्थ्याची पहिली ओळख बहुधा जेयूनिटशी होते. प्रयोगवहीत कृती ठरलेली असते. मेथडवर ‘@टेस्ट’ लिहा, ‘असर्टइक्वल्स’ वापरून अपेक्षित आणि प्रत्यक्ष उत्तर ताडून पाहा, प्रोग्रॅम चालवा. पट्टी हिरवी झाली की प्रयोग पूर्ण. पण हिरव्या पट्टीचे दोन अर्थ होऊ शकतात. पहिला अर्थ, सगळ्या चाचण्या धावल्या आणि उत्तीर्ण झाल्या. दुसरा अर्थ, ज्या धावल्या त्या उत्तीर्ण झाल्या, पण काही धावल्याच नाहीत. पट्टीचा रंग दोन्ही वेळा तोच असतो.

जेयूनिटच्या आवृत्त्यांमधले बदल या दुसऱ्या शक्यतेच्या अंगाने पाहिले तर अधिक नीट समजतात. प्रत्येक मोठ्या आवृत्तीने एकाच प्रश्नाचे वेगळे उत्तर दिले: लिहिलेल्या कोडमधली चाचणी नेमकी कोणती, हे लायब्ररीने कसे ओळखायचे? ओळखण्याची रीत बदलली की जुन्या रीतीने लिहिलेली चाचणी नजरेआड होण्याची शक्यता तयार होते. चाचणी नापास झाली तर ती आपले लक्ष वेधून घेते. नजरेआड झालेली चाचणी काहीच बोलत नाही. या टिपणात आपण तिसऱ्या आवृत्तीपासून सहाव्या आवृत्तीपर्यंतचा प्रवास याच दृष्टीने पाहणार आहोत.

१. स्मॉलटॉकमधून जावामध्ये

जेयूनिटचे मूळ जावामध्ये नाही. केंट बेक यांनी स्मॉलटॉक भाषेसाठी एक छोटी चाचणी-चौकट तयार केली होती आणि १९९४ मध्ये तिच्याविषयी लेख लिहिला होता. ही चौकट एसयूनिट या नावाने ओळखली जाते. १९९७ मध्ये अटलांटा येथे ऊप्सला परिषद भरणार होती. तिच्यासाठी झुरिकहून निघालेल्या विमानात बेक आणि एरिक गॅमा बरोबर होते. त्या प्रवासात दोघांनी मिळून हीच कल्पना जावामध्ये उतरवली आणि जेयूनिटचा पहिला आराखडा तयार झाला. गॅमा हे ‘डिझाइन पॅटर्न्स’ या १९९४ च्या प्रसिद्ध पुस्तकाच्या चार लेखकांपैकी एक. बेक पुढे एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या पद्धतीचे प्रवर्तक म्हणून ओळखले गेले.

जेयूनिटच्या आधीही प्रोग्रॅमर आपला कोड तपासत होतेच. पण ती तपासणी अनेकदा पडद्यावर उत्तरे छापायची आणि डोळ्यांनी वाचायची, अशी असे. पहिल्या दिवशी हे जमते. विसाव्या बदलानंतर तीच शंभर उत्तरे पुन्हा वाचायला कोणी बसत नाही. जेयूनिटने निर्णयाचे काम माणसाकडून काढून कोडकडे दिले. अपेक्षित उत्तर चाचणीतच लिहायचे, तुलना यंत्राने करायची आणि निकाल एका रंगात दाखवायचा: सगळे बरोबर असेल तर हिरवा, एक जरी चूक असेल तर लाल.

ही कल्पना इतर भाषांमध्येही लवकर पोहोचली. पायथनच्या २.१ या आवृत्तीत, म्हणजे २००१ मध्ये, ‘युनिटटेस्ट’ हे मॉड्यूल भाषेबरोबरच मिळू लागले. त्यातील मेथडची नावे पायथनच्या नेहमीच्या शैलीत न बसता मधले अक्षर मोठे ठेवणाऱ्या शैलीत का आहेत, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. त्याचे उत्तर हेच, की ती जेयूनिटच्या वळणावर घेतलेली आहेत.

२. तिसरी आवृत्ती: नावावरून ओळख

तिसऱ्या आवृत्तीचे नियम थोडे होते. चाचणीचा क्लास ‘टेस्टकेस’ या क्लासपासून वारसा घेत असे. चाचणीच्या मेथडचे नाव ‘टेस्ट’ या अक्षरांनी सुरू व्हावे लागे. मेथड पब्लिक असावी, तिने काही परत करू नये आणि काही मागू नये. जेयूनिट रिफ्लेक्शनच्या साहाय्याने क्लासमधल्या मेथडची नावे वाचत असे आणि नियमात बसणाऱ्या मेथड एकेक करून चालवत असे. प्रत्येक चाचणीआधी ‘सेटअप’ आणि नंतर ‘टिअरडाउन’ ही मेथड चाले. प्रत्येक चाचणीसाठी क्लासचा नवा ऑब्जेक्ट तयार होई, म्हणजे एका चाचणीने बदललेले फील्ड दुसरीच्या वाट्याला येत नसे.

त्या काळच्या जावामध्ये एखाद्या मेथडला खूण करण्याची दुसरी सोय नव्हती. त्यामुळे नावालाच खूण मानणे हा व्यवहार्य मार्ग होता. पण नाव म्हणजे साधी अक्षरे. ‘टेस्ट’ लिहिताना इंग्रजी अक्षरांची अदलाबदल झाली तर ती मेथड कंपायलरच्या दृष्टीने पूर्ण वैध राहते. जेयूनिटच्या दृष्टीने मात्र ती चाचणीच नसते. ‘सेटअप’ या नावातले इंग्रजी ‘यू’ हे अक्षर मोठे हवे. ते लहान लिहिले तर क्लासमध्ये एक नवीन, कोणीही न बोलावणारी मेथड तयार होते. दोन्ही बाबतींत कुठेही तक्रार येत नाही.

लेखकांना या धोक्याची जाणीव होती, हे कोडमधूनच दिसते. क्लासमध्ये एकही चाचणी सापडली नाही, किंवा ‘टेस्ट’ नावाची मेथड पब्लिक नसली, तर जेयूनिट ३ त्या ठिकाणी स्वतःहून एक नापास होणारी चाचणी घालत असे आणि तिच्या संदेशात कारण सांगत असे. म्हणजे शांत चुकीचे रूपांतर लाल पट्टीत करण्याचा प्रयत्न तेव्हापासूनचा आहे. पण दहापैकी एकाच मेथडचे नाव चुकले तर हा उपाय लागू पडत नसे.

३. चौथी आवृत्ती: खुणेवरून ओळख

सप्टेंबर २००४ मध्ये जावा ५ आली आणि तिच्याबरोबर ॲनोटेशन आले. डॉटनेटच्या जगात अशीच ॲट्रिब्यूट नावाची सोय आधीपासून होती आणि जेयूनिटच्या धर्तीवर तयार झालेल्या एनयूनिटने २००२ मध्येच तिचा वापर सुरू केला होता. जावामध्ये सेड्रिक ब्यूस्ट यांची टेस्टएनजी ही लायब्ररी २००४ मध्ये पुढे आली. तिने ॲनोटेशन स्वीकारले आणि जेयूनिटच्या काही निर्णयांवर, विशेषतः प्रत्येक चाचणीला नवा ऑब्जेक्ट देण्यावर, प्रश्न उभे केले. जेयूनिट ४.० फेब्रुवारी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली.

आता ‘टेस्टकेस’पासून वारसा घेण्याची गरज उरली नाही. जावामध्ये एका क्लासला एकच पालक-क्लास मिळतो, ती जागा मोकळी झाली. मेथडचे नाव काहीही चालू लागले, वर ‘@टेस्ट’ असले म्हणजे झाले. ‘सेटअप’ची जागा ‘@बिफोर’ने आणि ‘टिअरडाउन’ची ‘@आफ्टर’ने घेतली. सर्वांत महत्त्वाचा फायदा असा, की ॲनोटेशनचे स्पेलिंग चुकले तर कंपायलर तिथेच थांबवतो. जी चूक तिसऱ्या आवृत्तीत शांतपणे निसटत होती ती आता कंपाइल होतानाच पकडली जाऊ लागली.

जुन्या चाचण्यांचे काय झाले? चौथ्या आवृत्तीच्या जार फाइलमध्ये जुने पॅकेज तसेच ठेवले होते. त्यामुळे जार बदलली तरी तिसऱ्या आवृत्तीच्या चाचण्या चालत राहिल्या. पण दोन रीती शेजारी शेजारी नांदू लागल्यावर एक नवी फट तयार झाली. समजा एखाद्याने जुन्या क्लासमध्ये ‘@टेस्ट’ लावून नवी मेथड लिहिली, तिचे नाव ‘टेस्ट’ने सुरू केले नाही आणि ‘टेस्टकेस’चा वारसा काढायचे राहून गेले. वारसा दिसला की जेयूनिट ४ त्या क्लासला तिसऱ्या आवृत्तीचे नियम लावते. मग वरचे ॲनोटेशन असून नसल्यासारखे होते आणि ती मेथड धावत नाही. अर्धवट स्थलांतर झालेल्या प्रकल्पांत ही चूक आजही सापडते.

४. यशाचे ओझे

पुढच्या काही वर्षांत जेयूनिट ४ जावाच्या जगात सर्वत्र पसरली आणि या यशानेच तिचे हातपाय बांधले. याची दोन उदाहरणे पाहू.

पहिले उदाहरण चाचण्यांच्या क्रमाचे. रिफ्लेक्शनने मेथडची यादी कोणत्या क्रमाने मिळेल याची हमी जावाने कधीच दिलेली नव्हती. व्यवहारात मात्र ती बहुधा कोडमध्ये लिहिलेल्या क्रमाने मिळे आणि अनेक चाचण्या नकळत त्या क्रमावर विसंबून राहिल्या. जावा ७ मध्ये हा क्रम बदलू लागला. ज्या चाचण्यांमध्ये कोणी एक अक्षरही बदलले नव्हते, त्या कधी उत्तीर्ण तर कधी नापास होऊ लागल्या. २०१२ मध्ये आलेल्या ४.११ या आवृत्तीने मेथडच्या नावाच्या हॅश-मूल्यावरून क्रम ठरवायला सुरुवात केली. हा क्रम दर वेळी तोच राहतो, पण नुसत्या नजरेने त्याचा अंदाज येत नाही. चाचण्यांनी क्रमावर विसंबून राहू नये, हा संदेशही त्यात होता.

दुसरे उदाहरण साधनांचे. एक्लिप्ससारखी विकसन-साधने आणि बिल्डची साधने यांना चाचण्यांविषयी अधिक माहिती हवी असे. ती देणारा अधिकृत मार्ग अपुरा असल्याने काही साधने रिफ्लेक्शन वापरून जेयूनिटच्या प्रायव्हेट फील्डपर्यंत जाऊन पोहोचली. याचा परिणाम असा, की प्रायव्हेट फील्डचे नाव बदलले तरी कोणाचे तरी साधन मोडत असे. वर्गात आपण शिकतो की प्रायव्हेट म्हणजे आतली बाब, ती हवी तेव्हा बदलता येते. इथे लाखो लोकांच्या वापरामुळे आतली बाबही सार्वजनिक कराराइतकी घट्ट झाली. ४.१२ ही आवृत्ती डिसेंबर २०१४ मध्ये आली आणि तिच्यानंतरची ४.१३ थेट जानेवारी २०२० मध्ये.

५. लोकवर्गणी आणि पाचवी आवृत्ती

मोकळ्या वेळात डागडुजी करून हा गुंता सुटणार नव्हता. २०१५ मध्ये जर्मनीतील योहानेस लिंक आणि मार्क फिलिप यांनी पुढाकार घेऊन ‘जेयूनिट लॅम्डा’ या नावाने इंटरनेटवरून लोकवर्गणी गोळा केली. उद्दिष्ट २५,००० युरोचे होते, जमा झाले ५०,००० हून अधिक. अब्जावधींचे व्यवहार करणाऱ्या कंपन्या ज्या लायब्ररीवर आपले सॉफ्टवेअर तपासतात, तिच्या पुनर्बांधणीसाठी वर्गणी काढावी लागली, ही मुक्त सॉफ्टवेअरच्या अर्थकारणातली लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आहे.

१० सप्टेंबर २०१७ रोजी जेयूनिट ५.० प्रसिद्ध झाली. किमान जावा ८ ही तिची अट होती. तिचे तीन भाग आहेत. ‘प्लॅटफॉर्म’ चाचण्या शोधण्याचे आणि चालवण्याचे सामाईक काम पाहतो आणि साधनांना अधिकृत दार देतो. ‘ज्युपिटर’मध्ये चाचण्या लिहिण्याची नवी रीत आहे. गुरू हा सूर्यापासून पाचवा ग्रह, म्हणून हे नाव. ‘व्हिंटेज’ हे तिसऱ्या आणि चौथ्या आवृत्तीच्या चाचण्या चालवणारे इंजिन आहे. म्हणजे चाचणी कोणती हे आता इंजिन ठरवते. ज्या रीतीचे इंजिन जोडलेले नाही, त्या रीतीच्या चाचण्या प्लॅटफॉर्मला दिसतच नाहीत.

नावेही बदलली. ‘@बिफोर’चे ‘@बिफोरईच’ झाले, ‘@बिफोरक्लास’चे ‘@बिफोरऑल’, ‘@इग्नोर’चे ‘@डिसेबल्ड’. पूर्वी अपेक्षित एक्सेप्शन ‘@टेस्ट’च्या कंसात लिहीत. तेव्हा संपूर्ण मेथडमध्ये कुठेही, अगदी तयारीच्या ओळीत, तसे एक्सेप्शन आले तरी चाचणी उत्तीर्ण होई. ज्युपिटरमध्ये ‘असर्टथ्रोज’ने नेमकी कोणती ओळ एक्सेप्शन देणार हे सांगावे लागते.

आता शांत चुकांकडे येऊ. पाचव्या आवृत्तीकडे जाताना त्या तीन ठिकाणी आढळतात.

पहिले ठिकाण, संदेशाची जागा. चौथ्या आवृत्तीत चाचणी नापास झाल्यावर दाखवायचा संदेश पहिल्या क्रमांकावर लिहीत, ज्युपिटरमध्ये तो शेवटी गेला. संदेश ऐच्छिक असल्याने तो शेवटी असणे तर्काला धरून आहे. पण केवळ इम्पोर्टची ओळ बदलून स्थलांतर केले तर काय होते ते पाहा. ‘असर्टट्रू’मध्ये स्ट्रिंग आणि बूलियन यांची जागा चुकते, कंपायलर लगेच अडवतो. ‘असर्टइक्वल्स’ला तिन्ही स्ट्रिंग दिल्या असतील तर कोड कंपाइल होतो, पण संदेशाची तुलना अपेक्षित उत्तराशी होते आणि चाचणी लाल होते. निदान कळते तरी. ‘असर्टनॉटइक्वल्स’चे मात्र उलट आहे. समजा पासवर्ड बदलल्यावर जुना आणि नवा वेगळे आहेत का, हे तपासायचे आहे. लिहिलेला क्रम: संदेश, जुना पासवर्ड, नवा पासवर्ड. ज्युपिटर संदेशाची तुलना जुन्या पासवर्डशी करते. ते दोन वेगळे असणारच. चाचणी कायम हिरवी राहते, पासवर्ड बदलणारा कोड पूर्ण मोडला तरीही.

दुसरे ठिकाण, मिसळलेले इम्पोर्ट. ‘@टेस्ट’ ज्युपिटरचे आणि ‘@बिफोर’ चौथ्या आवृत्तीचे असेल, तर दोन्ही लायब्ररी उपलब्ध असल्याने कंपायलरला हरकत नसते. ज्युपिटर चौथ्या आवृत्तीची खूण ओळखत नाही, त्यामुळे तयारीची मेथड चालतच नाही. प्रायव्हेट मेथडवर ‘@टेस्ट’ लावण्याचेही असेच. चौथ्या आवृत्तीने अशा वेळी स्पष्ट त्रुटी दाखवली असती, ज्युपिटर अनेक वर्षे ती मेथड मुकाट्याने वगळत असे.

तिसरे ठिकाण, बिल्डचे साधन. मेव्हनमध्ये चाचण्या चालवणाऱ्या शुअरफायर प्लगइनला प्लॅटफॉर्मची थेट ओळख २०१८ च्या २.२२.० या आवृत्तीपासून झाली. त्याआधीचे प्लगइन राहून गेले असेल तर अनेकदा शून्य चाचण्या धावतात आणि तरीही बिल्ड यशस्वी झाल्याचे कळवले जाते. ग्रेडलमध्येही प्लॅटफॉर्म वापरण्याची सूचना वेगळी लिहावी लागते. याचीच दुसरी बाजू व्हिंटेजची. ते इंजिन काढून टाकले, पण दुसऱ्या एखाद्या लायब्ररीसोबत चौथी आवृत्ती प्रकल्पात आलेली असेल, तर जुन्या चाचण्या बिनतक्रार कंपाइल होतात आणि धावत नाहीत.

६. सहाव्या आवृत्तीकडे

या शांततेवरचा उपाय २०२५ मध्ये आलेल्या ५.१३ या आवृत्तीत दिसतो. चाचण्या शोधतानाच ज्या मेथड चाचणीसारख्या दिसतात पण नियमात बसत नाहीत, त्यांची नोंद करून इशारा देण्याची सोय तिच्यात आली. प्रायव्हेट मेथडवरचे ‘@टेस्ट’ आता कळवले जाते आणि असा इशारा आला की बिल्ड थांबवावे, असेही ठरवता येते. तिसऱ्या आवृत्तीने स्वतःहून नापास होणारी चाचणी घालून जे साधले होते, त्याचेच हे विस्तारित रूप.

सप्टेंबर २०२५ मध्ये जेयूनिट ६.० आली. तिला किमान जावा १७ लागते. प्लॅटफॉर्म, ज्युपिटर आणि व्हिंटेज यांचे आवृत्तिक्रमांक आता एकच झाले आहेत. चाचण्या लिहिण्याची रीत मोठ्या प्रमाणात पाचव्या आवृत्तीचीच आहे. व्हिंटेज इंजिन मात्र आता कालबाह्य ठरवले गेले असून ते तात्पुरत्या सोयीपुरतेच वापरावे असा सल्ला आहे. तिसऱ्या आणि चौथ्या आवृत्तीच्या चाचण्या पुढच्या आवृत्तीनेही चालवाव्यात, हे वचन सुमारे दोन दशके पाळले गेले. आता त्याची मुदत संपत आली आहे.

७. आवृत्ती बदलताना काय करावे

नोकरीच्या पहिल्या वर्षात तुमच्यापैकी अनेकांकडे नवे सॉफ्टवेअर लिहिण्याऐवजी जुने पुढच्या आवृत्तीवर नेण्याचे काम येईल. तेव्हा या इतिहासातून निघणाऱ्या चार सवयी उपयोगी पडतील.

पहिली, बदलाआधी किती चाचण्या धावल्या तो आकडा लिहून ठेवा आणि बदलानंतरच्या आकड्याशी ताडून पाहा. आकडा कमी झाला असेल तर रंग पाहण्याआधी त्याचे कारण शोधा. दुसरी, प्रत्येक मॉड्यूलमध्ये एखादी अपेक्षा मुद्दाम चुकवून चाचणी खरोखर लाल होते का ते पाहा. आकडा जुळला तरी ‘असर्टनॉटइक्वल्स’सारखी चूक या दुसऱ्या सवयीनेच सापडते. तिसरी, लायब्ररी, बिल्डचे प्लगइन आणि जावा या तिघांची आवृत्ती एकाच दिवशी बदलू नका. एक बदला, चाचण्या चालवा, मग पुढचे. चौथी, प्रत्येक आवृत्तीसोबत येणाऱ्या टिपणात कालबाह्य आणि जुनी सुसंगती मोडणाऱ्या बदलांचा भाग वेगळा असतो. नव्या सोयींच्या आधी तो वाचा.

स्वाध्याय

१. नावावरून, ॲनोटेशनवरून आणि इंजिनद्वारे चाचणी ओळखण्याच्या तीन रीतींमध्ये कोणती चूक कंपायलर पकडतो आणि कोणती पकडत नाही, याचा तक्ता तयार करा.

२. ‘प्रायव्हेट फील्डचे नाव बदलणे’ हा बदल सुसंगती मोडणारा मानावा का? जेयूनिट ४ च्या अनुभवाच्या आधारे दोन्ही बाजू मांडा.

३. चौथ्या आवृत्तीत पाच चाचण्या लिहा, त्यांत तीन स्ट्रिंग घेणारी एक ‘असर्टनॉटइक्वल्स’ असू द्या. केवळ इम्पोर्ट बदलून त्या ज्युपिटरवर न्या. नंतर मूळ कोडमध्ये मुद्दाम चूक करा आणि कोणती चाचणी तरीही हिरवी राहते ते नोंदवा.